खालच्या सुराचं खोकं

माझ्या हातची फळी चिरत नाही. बढाई वाटली तर वाटू द्या. लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीत आमचं सुतारकामाचं दुकान होतं, आणि तिथून निघालेली कपाटं कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत अजून उभी आहेत. कुणीही दार उघडून बघावं. चाळीस वर्षांत एकच फळी चिरली, आणि तीही मला ठाऊक असताना चिरली. दिवाळी अंकवाल्यांनी धंद्यातल्या आठवणी लिहून मागितल्यावर सगळ्यात आधी तीच डोळ्यांसमोर आली.

तशी गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. एका अडत्याला कपाटात चोरकप्पा हवा होता. तो इतका बेमालूम करून दिला की वर्षभरानं तोच मला विचारायला आला, कप्पा नेमका कुठं आहे. एका बाईंनी पाळणा परत आणला होता. तक्रार अशी की त्यात बाळ झोपत नाही. मी पाळणा ठेवून घेतला, बाळाचं काय करायचं ते मला सुचलं नाही. पण रफिकसारखं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

ते सांगण्याआधी लाकडाची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. झाड कापलं, फळ्या पाडल्या, वर्षभर वाळवल्या, तरी लाकूड हलायचं थांबत नाही. पावसाळ्यात ओल पिऊन रुंदीत फुगतं, थंडी-उन्हाळ्यात आक्रसतं. रुंद फळी चहूकडून जखडून ठेवली तर आक्रसताना तिला जागा मिळत नाही आणि ती मधोमध चिरते. म्हणून आम्ही आधी चौकट करतो, चौकटीला आतून खाच पाडतो आणि मधली फळी त्या खाचेत नुसती सरकवतो. तिला सरस लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. बाहेरून ती पक्की दिसते, पण आत तिला केसभर जागा असते.

हे मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं शिकवणं म्हणजे एकच वाक्य आणि पाठीत एक गुद्दा. "फळीला अंग हलवाय जागा ठेव. न्हाईतर ती चारचौघांत तुझी अब्रू काढंल."

आमच्या घराण्याची एक खूण होती. काम मनासारखं झालं की आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीनं तीन छोटे घाव घालायचे, कावळ्याच्या पायासारखे. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसायचा. खूण घालायची की नाही, हे आबा ठरवायचे. त्यांनी रंधा खाली ठेवून पाच-सहा वर्षं झाली होती, हात थरथरायला लागले होते, तरी दुकानाच्या दारातल्या स्टुलावर बसून ते तयार झालेल्या प्रत्येक नगावरून बोटं फिरवायचे आणि "घाल" नाहीतर "ऱ्हाऊ दे" म्हणायचे. "ऱ्हाऊ दे" म्हणाले की मला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

सत्तरचं दशक सुरू होऊन चारेक वर्षं झाली असतील. होळी नुकतीच झाली होती. एका दुपारी पंचविशीतला एक तरुण सायकल ढकलत दुकानाशी आला. पाठीला गिटार, आणि कॅरियरला टॉवेलात गुंडाळलेली पाटीएवढी गोल वस्तू. टॉवेल सोडला तर आत स्पीकर. पंधरा इंची, एका जुन्या टॉकीजच्या भंगारातून मिळवलेला.

"मिस्त्री, ह्याला खोकं पायजे," तो म्हणाला.

"कसलं खोकं?"

"ते मलाबी न्हाय म्हाईत. पन खालचा सूर ऐकू आला पायजे."

हा रफिक, उचगावचा. घरचा बँड होता, लग्नाच्या वरातीत वाजवणारा. बारा वर्षांचा असल्यापासून रफिक बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी बाजं अंगावर घेऊन नवरदेवाच्या घोड्यापुढं चालत आला होता. ते बाजं गाणं वाजवत नाही. ते नुसतं खालून भोंऽ भोंऽ करत गाण्याला पाय देतं. रफिकला नेमकं तेच आवडायचं. मग शहरात ऑर्केस्ट्रा निघाले, आणि एका ऑर्केस्ट्रात त्यानं बेस गिटार बघितली, चार जाड तारांची. तिचं कामही तेच, गाण्याला खालून पाय देण्याचं. फक्त ती वाजवायला उन्हातून चालावं लागत नव्हतं. त्यानं ती शिकून घेतली आणि त्याच ऑर्केस्ट्रात लागला.

अडचण पुढं आली. ऑर्केस्ट्राचे मालक, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, बेस गिटार मंडपवाल्याच्या कर्ण्याला जोडायला लावायचे. कर्णा म्हणजे झाडावर बांधतात तो पत्र्याचा भोंगा. त्यातून निवेदकाचा आवाज दोन मैल जातो, पण खालचा सूर बाहेरच येत नाही. रफिक तासन्‌तास बोटं झिजवायचा आणि समोर बसलेल्यांना वाटायचं, हा पोरगा नुसता गिटार गळ्यात घालून उभा आहे. शेवटी मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, "शिरोळचा कार्यक्रम होऊ दे. तिथं जर ऐकू आलं न्हाय, तर तुझी जागा मी दुसऱ्या कुनालातरी देनार. गाडीत शिटा मोजूनच हायत."

"मग बँड हायच की तुझ्या घरचा," मी म्हणालो.

रफिकनं मान खाली घातली. "अब्बा तेच म्हनत्यात. बाजं अजून खुंटीला हाय, घरला ये. मिस्त्री, मला परत घोड्याम्होरं चालायचं न्हाय."

शिरोळच्या कार्यक्रमाला अठरा दिवस होते.

मी आयुष्यात रेडिओची कपाटं केली होती, ग्रामोफोनची पेटी केली होती. त्यामुळं वाटलं, त्यात काय मोठंसं. एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं रफिकला अँप्लिफायर बांधून दिला होता. तो आणून आम्ही स्पीकर उघडाच टेबलावर ठेवला आणि रफिकनं तार छेडली. स्पीकरचा कागद बोटभर मागंपुढं हलताना डोळ्यांनी दिसत होता आणि आवाज मात्र डास गुणगुणल्यासारखा. मला काही उलगडेना. एवढं हलतंय तर वाजत का नाही?

दुकानात एका शेतकऱ्याची धान्याची पेटी अर्धी होऊन पडली होती, झाकण बाकी होतं. जागा करायची म्हणून मी एका फळकुटाला गोल भोक पाडून त्यात स्पीकर बसवला आणि ते फळकूट त्या पेटीच्या तोंडावर ठेवलं. रफिक सहज तार छेडत होता. एकदम माझ्या पायाखालची फरशी बोलली. भिंतीवर टांगलेल्या करवती हलल्या. आबांना कमी ऐकू यायचं, पण तेही दारातून वळून बघायला लागले. "काय रं पडलं?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा मागून ओढतो. उघडा ठेवला तर पुढची हवा कडेनं वळसा घालून मागच्या पोकळीत जाते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. बारीक, वरच्या सुरांना वळायला सवड नसते म्हणून ते निसटतात, खालचे मात्र मरतात. पाठ बंद केली की पुढचा सूर वाचला. इतकी साधी गोष्ट. मला ती धान्याच्या पेटीनं शिकवली. पुढं एका इंजिनिअरनं हेच मला इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि ठाऊक असल्याचं सांगितलं नाही.

मी ठरवलं, करायचं तर असं करायचं की मास्तरांनी बघत राहावं. तीन फूट उंच, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. चौकटी सागाच्या आणि मधल्या फळ्या मलकापूरकडून आलेल्या जुन्या, वाळलेल्या फणसाच्या. सांधे असे बसले की त्यात सिगारेटचा कागद जाईना. मागची फळी स्क्रूनं आवळली आणि हवा निसटू नये म्हणून तिच्या कडेला जुन्या घोंगड्याच्या पट्ट्या लावल्या. वरून फ्रेंच पॉलिशचे सात हात. बाराव्या दिवशी ते खोकं दुकानात उभं राहिलं तेव्हा रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. आबांनी बोटं फिरवली, खाचेत नखानं फळी हलवून बघितली, हलली. खूश झाले.

"घाल खूण," म्हणाले.

"आधी वाजवून बघूया की आबा," मी म्हणालो. नशीब माझं.

रफिकनं वाजवलं. सूर असा उतरला की पोटात कळला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसतोय तोवर रफिकचं बोट एका ठिकाणी गेलं आणि खोक्यातून आवाज आला, खर्रर्र. टिनाच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. बोट पुढं गेलं, आवाज गेला. परत तिथं आलं, खर्रर्र. बाकी सगळे सूर स्वच्छ, तेवढा एकच घाण.

"एकच सूर हाय न्हवं," मी म्हणालो. "तेवढा टाळ की."

रफिकचा चेहरा उतरला होता. "मास्तरांची निम्मी गानी त्याच पट्टीतली हायत, मिस्त्री. त्यो सूर म्हंजे घराचा उंबरा. टाळून आत कसं जायाचं?"

मग चार दिवस आम्ही चोर शोधला. स्पीकर काढून परत आवळला. रेडिओवाल्यानं अँप्लिफायरचे व्हॉल्व बदलले. रफिकनं तारा बदलल्या. मी एकेक स्क्रू तपासला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या वस्तूला नावं ठेवत होता, आणि मी सगळ्यात मोठ्यानं ठेवत होतो. माझ्या खोक्यात दोष असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. एवढं सुबक काम, त्यात काय दोष असणार?

रेडिओवाल्यानं आत थोडा कापूस भरायला सांगितला होता, आवाज घुमू नये म्हणून. त्यासाठी हुसेनचाचांना बोलावलं. हुसेनचाचा आमच्या गल्लीतले पिंजारी, गाद्या भरणारे. त्यांची कापूस पिंजायची कमान माणसाहून उंच, तिच्या एका टोकाला ताणलेलं कातडं, तिला आतड्याची एकच जाड तात, आणि ती लाकडी ठोकळ्यानं मारली की धुंगऽ धुंगऽ असा आवाज अख्ख्या गल्लीत यायचा. चाचा मांडी घालून कापूस मोकळा करत बसले होते, आणि रफिक पुन्हापुन्हा तोच सूर वाजवून तीच खर्रर्र ऐकत होता.

चाचा उठले. खोक्याभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी डाव्या बाजूच्या फळीला गुडघा टेकवून दाबला.

"वाजव," म्हणाले.

सूर स्वच्छ आला. चाचांनी गुडघा काढला. खर्रर्र.

"मिस्त्री, तुमची फळी सैल हाय की."

मला राग आला. "सैल न्हाय चाचा, मोकळी ठेवलीया. मुद्दाम. तसंच करायचं असतंय."

"करायचं असंल तुमच्यात. माझ्या कमानीचं कातडं सैल झालं की असंच बोंबलतंय. मी दोन टाचे घालतो, गप्प हुतंय."

मी वाकून नखानं ती फळी हलवून बघितली. कान तापले. ज्या केसभर जागेचा मला अभिमान होता, त्याच जागेत फळी थरथरत होती. कपाटाला कुणी सूर ऐकवत नाही, म्हणून ती मोकळी फळी शंभर वर्षं गप्प बसते. इथं मी तिला आतून ढोल ऐकवत होतो आणि तिनं गप्प बसावं म्हणत होतो. अडाण्यानं पॅकिंगच्या फळ्या खिळे मारून ठोकल्या असत्या, तर त्याचं खोकं पहिल्या दिवशी नीट वाजलं असतं. ही चूक करायला चांगलाच सुतार लागतो.

आधी मी खाचेत घोंगड्याच्या पट्ट्या ठासून बघितल्या. खर्रर्र कमी झाली, गेली नाही. आता एकच उपाय होता. फळ्या खाचेत सरसानं चिकटवायच्या, पाचरी मारायच्या आणि आतून आडव्या पट्ट्या ठोकून जखडून टाकायच्या. म्हणजे आबांनी सांगितलेलं सगळं उलटं करायचं.

मी दारात जाऊन आबांना मोठ्यानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आता उन्हाळ्याची फळी आटलीया. मिरग निघू दे. फुगंल आन्‌ आपसूक गप्प हुईल," ते म्हणाले.

"आबा, कार्यक्रम दोन दिवसांवर हाय."

"मग न्हाय जमत म्हनून सांग."

"त्याची जागा जाईल, आबा."

"आन्‌ ही फळी पुढच्या थंडीत चिरंल. ठाव हाय न्हवं तुला?"

"ठाव हाय."

रफिक भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि सरस गरम करायला ठेवला. पाचर मारताना प्रत्येक ठोक्याला पाठीत गुद्दा बसल्यासारखं वाटत होतं. आबा बघायला आत आले नाहीत. काम संपल्यावर एवढंच म्हणाले, "त्याच्यावर आपली खूण घालू नगंस." मी घातली नाही.

शिरोळला ते खोकं चढवायला चार माणसं लागली. ऊसवाल्यांच्या गावातला कार्यक्रम, दिवेलागणीलाच माणूस मावत नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीनं लावून बायाबापड्या त्यांच्यावर बसल्या होत्या. मास्तरांनी खोक्याकडं बघून "हे काय, कपाट आनलंस व्हय?" असं विचारलं आणि ते रंगमंचाच्या अगदी कोपऱ्यात ठेवायला लावलं. मी खाली, मधल्या गर्दीत उभा राहिलो. हात घामेजले होते. बाळंतिणीच्या खोलीबाहेरसुद्धा माझी अशी दशा झाली नव्हती.

पहिलंच गाणं त्याच पट्टीतलं. मास्तरांनी अॅकॉर्डियन उघडलं, ढोलकी लागली, आणि रफिकनं तो सूर टाकला.

खर्रर्र नाही. काहीच नाही. नुसता सूर, गोल, जाड, जमिनीतून आल्यासारखा. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. माझ्या शेजारच्या शेतकऱ्यानं छातीवर हात ठेवला.

"पावणं, हितं वाजालंय बगा, हितं," तो मला सांगायला लागला. "हे काय असतंय गा?"

"ती बेस गिटार," मी म्हणालो. "आन्‌ ते खोकं मी केलंय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विश्वास ठेवला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या गाण्याला मास्तरांनी वाजवता वाजवता मान वळवली आणि रफिकला हाताच्या इशाऱ्यानं पुढं यायला सांगितलं, उजेडात. मास्तरांनी तोंडानं कधीच काही कबूल केलं नाही, पण पुढच्या कार्यक्रमापासून गाडीत खोक्याची जागा आधी ठरायची, मग माणसांची. रफिकची जागा तर पक्कीच झाली. खुंटीवरचं बाजं त्याच्या चुलतभावानं घेतलं.

त्यानंतर मला या खोक्यांचं वेड लागलं. पुढची मी प्लायवूडची केली. प्लायवूडच्या पातळ थरांचे धागे एकमेकांना आडवे असतात, त्यामुळं ते फुगत नाही, आक्रसत नाही, कसंही जखडा. जाड घेतलं, आतून पट्ट्या ठोकल्या. वाद्याचं लाकूड बोलावं लागतं आणि स्पीकरचं लाकूड मुकं लागतं, हे एकदा कळल्यावर बाकीचं सोपं होतं. सांगली, बेळगावचे ऑर्केस्ट्रावाले यायचे, बँजो पार्ट्या यायच्या. त्यातलं एकही खोकं चिरलं नाही. पण त्यांवर खूण घालावी असं मला वाटलंही नाही. प्लायवूडशी माझी सोयरीक नव्हती, नुसता व्यवहार होता.

आणि पहिलं खोकं? पावसाळ्यात त्याच्या फळ्यांनी पोट काढलं. थंडी संपता संपता एका सकाळी रफिक टेम्पोत घालून ते घेऊन आला. चेहरा चोरी केल्यासारखा.

"मिस्त्री, माझ्या हातनं काय झालं न्हाय. घरात उभं हुतं, आन्‌ फटाका फुटल्यागत आवाज झाला."

डावी फळी वरपासून खालपर्यंत चिरली होती, मधोमध. आबांनी सांगितलं होतं अगदी तशी. दारात बघणारे चारजण होतेच. गल्लीतल्या सुतारांना तर बरंच वाटलं असेल.

आबा स्टुलावरून उठले. आत आले आणि चिरेवरून वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. मला वाटलं, आता बोलणार. ते रफिककडं वळले.

"वाजतंय का अजून?"

"वाजतंय की, आबा. पन चिरेतनं जरा हवा जातीया."

"लाव."

रफिकनं टेम्पोतून गिटार आणि अँप्लिफायर आणले, तारा जोडल्या आणि वाजवायला लागला. आबांनी खोक्यावर पंजा ठेवला. सूर बदलला की ते पंजा दुसऱ्या फळीवर नेऊन बघायचे. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी सरसाचं भांडं मागितलं, फणसाचा बारीक भुसा त्यात कालवला आणि त्या थरथरत्या हातांनी ती चीर स्वतः बुजवली. मी मदतीला हात पुढं केला तर झटकला. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. सहा-सात वर्षांनी त्यांनी कामाला हात लावला होता.

सरस सुकल्यावर म्हणाले, "पटाशी आन."

मी मागची फळी उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेतला, खूण आत घालायची म्हणून.

"ते कशाला उघडतूस?" आबा म्हणाले. त्यांनी पटाशी बाहेरच्या बाजूला टेकवली, चिरेच्या अगदी शेजारी, माझ्या सात हातांच्या पॉलिशवर. हात थरथरत होता, म्हणून मनगटाला दुसऱ्या हातानं धरलं आणि तीन घाव घातले. तिन्ही वाकडे पडले.

आमच्या घराण्याची बाहेरून दिसणारी ती एकच खूण.